रामजी सुभेदारांची घरशाळा



गेल्या काही वर्षांत आपल्यातही एक नवी चर्चा ऐकू येते. शिकलेलं जोडपं, दोघांना नोकरी, मूल पाच-सहा वर्षांचं. ते विचारतात, या शाळेत मूल घालायचंच कशाला? शाळेत आडनाव विचारतात, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना सगळ्या वर्गासमोर जात पुकारतात, आणि वर डोनेशन घेतात. त्यापेक्षा आपणच घरी शिकवू. होमस्कूलिंग करू. यूट्यूब आहे, पुस्तकं आहेत, पुढं सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी देता येते.

प्रश्नात राग आहे आणि तो राग खरा आहे. पण उत्तर शोधताना हे लोक अमेरिकेतल्या कुटुंबांचे व्हिडिओ बघतात, आणि आपल्याच इतिहासातली सगळ्यात मोठी घरशाळा विसरतात. ती परळच्या चाळीत, एका खोलीत भरायची. विद्यार्थी एक, मास्तर एक. मास्तर होते सुभेदार रामजी मालोजी सकपाळ, आणि विद्यार्थी त्यांचा धाकटा मुलगा भिवा. ही घरशाळा नीट समजून घेतली तर वरच्या प्रश्नाचं उत्तर बरंच सापडतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. या देशात घरी शिकणं ही नवी कल्पना नाही. हजारो वर्षं ज्यांच्या घरात पोथी होती ते घरीच शिकले. मुंज झाली की बापाकडून, काकाकडून, नाहीतर गुरूच्या घरी राहून. शाळा नावाची सार्वजनिक जागा त्यांना लागतच नव्हती. ज्याच्या घरात अक्षर नव्हतं त्याला घरशाळेचा उपयोग शून्य. आपल्याकडच्या गोष्टीत घरशिक्षणाचा एकच विद्यार्थी आहे, एकलव्य. मास्तराशिवाय शिकला आणि फी म्हणून अंगठा दिला. म्हणून 1848 साली पुण्यात जोतिबा आणि सावित्रीमाईंनी शाळा काढली, तेव्हा ती घराला पर्याय म्हणून निघाली. घरात जे नव्हतं ते रस्त्यावर, सगळ्यांसाठी उघडं करायचं होतं. आणि तिथंही क्रम बघा. जोतिबांनी सावित्रीमाईंना आधी घरी शिकवलं, पण तेवढ्यावर भागवलं नाही. शिक्षिका होण्याचं रीतसर प्रशिक्षण त्यांनी घेतलंच. घराला शाळेची जोड होती.

मग रामजींच्या घरात अक्षर आलं कुठून? पलटणीतून. मालोजी शिपाई होते, रामजीही पलटणीत गेले. त्या काळच्या फौजेत शिपायांच्या शिक्षणाची आणि त्यांच्या मुलांच्या शाळेची सक्तीची व्यवस्था होती. रामजी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिकले, मास्तर झाले आणि लष्करी शाळेत चौदा वर्षं हेडमास्तर राहिले. म्हणजे ज्याला आपण बाबासाहेबांचा बाप म्हणून ओळखतो तो माणूस स्वतः सरकारी शिक्षक होता. चरित्रकार लिहितात की त्या घराण्यातल्या बायकांनाही वाचता येत होतं. गावकुसाबाहेर हे शक्य नव्हतं. छावणीत झालं.

आपण पडेगावची पोरं रोज छावणीतून शहरात जातो. छावणी म्हटलं की आपल्याला आठवडी बाजार आणि ट्रॅफिक आठवतं. पण अस्पृश्यांच्या शिक्षणाच्या इतिहासात छावणी हा शब्द फार मोठा आहे. इंग्रजांनी हे काही आपल्या कळवळ्यानं केलं नव्हतं, त्यांना हुकूम वाचता येणारा शिपाई हवा होता. काम झाल्यावर त्यांनीच 1892 च्या सुमाराला महारांची भरती बंद केली. त्याविरुद्ध अर्ज करण्यासाठी रामजी न्यायमूर्ती रानड्यांपर्यंत गेले होते. त्यांना कळत होतं की भरती बंद म्हणजे पगार बंद, आणि पगाराबरोबर पुढच्या पिढीची शाळाही बंद.

आता साताऱ्याला या. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव तिथल्या सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरमध्ये चढलं. महाराष्ट्र सरकार आता हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. दरवर्षी त्या दिवशी आपण पोस्टर टाकतो. पण त्या शाळेत काय होतं हे बाबासाहेबांनीच आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. वर्गात इतरांपासून वेगळं बसायचं. बसायला गोणपाट, आणि तोही स्वतःचा. शाळेचा झाडूवाला नोकर त्या गोणपाटाला हात लावायचा नाही, म्हणून संध्याकाळी तो घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. तहान लागली तर शिपायानं नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसेल तर पाणी नाही. धोबी कपडे धुवायचा नाही, न्हावी केस कापायचा नाही. कपडे बहिणी धुवायच्या, आणि केसही थोरली बहीण कापायची.

इथं मला एक हिशेब मांडावासा वाटतो. शाळा रोज संध्याकाळी त्या मुलाच्या हातात काय देऊन घरी पाठवत होती? गोणपाट. आणि घर रोज सकाळी त्याला काय देऊन शाळेत पाठवत होतं? धुतलेले कपडे, बहिणीनं कापलेले केस, पाठ झालेला धडा. शाळा जे मोडायची ते घर रात्री जोडायचं. आजच्या भाषेत याला पॅरेंट सपोर्ट म्हणतील. पण तो शब्द फार गुळगुळीत आहे. हे जातीनं केलेल्या मोडतोडीची रोजची दुरुस्ती करणं होतं.

आणि तरीही रामजींनी मुलाला शाळेतून काढलं नाही. ते काढू शकले असते. चौदा वर्षं हेडमास्तरकी केलेला माणूस, इंग्रजी येणारा, मराठी पक्कं. एका मुलाला मॅट्रिकपर्यंत घरी तयार करणं त्यांना जड नव्हतं. त्यांनी उलट केलं. साताऱ्याहून मुंबईला आले, मुलाला आधी मराठा हायस्कूलमध्ये आणि मग एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घातलं. सरकारी शाळा, मुंबईतली नावाजलेली. तिथंही जात सुटली नाही. फळ्यावर गणित सोडवायला भिवा उठला तेव्हा फळ्यामागं ठेवलेले डबे विटाळतील म्हणून पोरांनी धावत जाऊन ते उचलले. संस्कृत शिकायचं होतं, मिळालं नाही, फारसी घ्यावी लागली. रामजींना हे सगळं माहीत होतं. पण त्यांना हेही माहीत होतं की मॅट्रिकचं सर्टिफिकेट घरात छापता येत नाही, आणि त्या वर्गातली जागा आपण सोडली तर ती आपोआप दुसऱ्याची होते.

परळच्या डबक चाळीतली ती खोली सगळ्या चरित्रांत आहे. एकच खोली, त्यात संसार, भांडी, जळण. दोघं आडवे होतील एवढीही मोकळी जागा नाही. म्हणून बापानं युक्ती काढली. मुलाला लवकर झोपवायचं आणि स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचं. दोन वाजता मुलाला उठवायचं आणि त्याच जागेवर स्वतः पडायचं. मुलगा चिमणी नसलेल्या दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत वाचायचा. बेड शेअरिंगचे किस्से सांगणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी हे एकदा नीट वाचावं. गंमत म्हणून नाही, वेळापत्रक म्हणून.

अभ्यासक्रमही ठरलेला होता. हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. वाक्य मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत, नेमका शब्द सापडेपर्यंत. पुढं ज्या माणसानं राज्यघटनेचा मसुदा हाताळला त्याच्या इंग्रजीचा पाया कोलंबियात किंवा लंडनमध्ये पडलेला नाही. तो परळमध्ये एका पेन्शनर सुभेदारानं घातला. हा धडा शाळेत होता का? होता. पण वर्गात मागे वेगळ्या बसवलेल्या मुलाकडून तो घोटून घ्यायला कुणी नव्हतं. ते काम घरानं केलं.

दुसरा विषय शाळेत नव्हताच. रामजी कबीरपंथी. घरात सकाळ-संध्याकाळ भजन, अभंग, आणि मुलांकडून रामायण-महाभारताचं वाचन. भिवानं बापाला विचारलं, ज्या पुस्तकांत ब्राह्मण-क्षत्रियांचे गोडवे आणि शूद्र-अस्पृश्यांची नालस्ती आहे ती आपण का वाचायची? रामजींचं म्हणणं असं की आपण अस्पृश्य, आपल्या मनात न्यूनगंड येण्याची भीती आहे. द्रोण बघ, कर्ण बघ, साध्या माणसांनी केवढी उंची गाठली. वाल्मीकी तर कोळी होता. मुलाला ते पटलं नाही, आणि त्यानं तसं बापाला सांगितलं. ही आठवण बाबासाहेबांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, बुद्धावरच्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नोंदवली आहे. बापाचं उत्तर आज आपल्याला पटणार नाही. पण त्या घरात शालेय वयाचा मुलगा बापाला 'का' विचारू शकत होता, आणि बाप छडी न उगारता उत्तर देत होता. न्यूनगंड हा प्रश्न अभ्यासाचा भाग आहे हे 1900 च्या आसपास एका सुभेदाराला कळलं होतं. आपल्या बी.एड. कॉलेजांना अजून कळायचं आहे.

या घरशाळेचा खर्च कोणी सोसला हेही लिहिलं पाहिजे, कारण आपण फक्त बापाचे पुतळे उभारतो. मुलगा नवं पुस्तक मागायचा. रामजी निघायचे ते थेट धाकट्या मुलीच्या सासरी. तिच्याकडं पैसे नसले तर थोरलीकडं. तिच्याकडंही नसले तर तिनं दिलेला दागिना मारवाड्याकडं गहाण, आणि पेन्शनच्या दिवशी तो सोडवून परत. म्हणजे बाबासाहेबांची सुरुवातीची लायब्ररी मंजुळा आणि तुळसा या बहिणींच्या अंगावरच्या दागिन्यांवर उभी राहिली. आई भीमाबाई मूल लहान असतानाच गेली. मग घर ओढलं ते मीराबाई आत्यानं. आणि थोरला भाऊ आनंदराव? दोघांच्या शाळेचा खर्च झेपेना, तेव्हा आनंदरावांनी शाळा सोडली आणि जीआयपी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये नोकरी धरली. एका मुलाच्या शिक्षणासाठी अख्खं घर खपलं. जी जोडपी आज घरशाळा काढायला निघालीत त्यांनी आधी विचारावं की तिचा खर्च घरात कुणाच्या अंगावर पडणार आहे. बहुतेक वेळा नोकरी सोडणारी व्यक्ती आईच असते.

आता मास्तरांकडं येऊ. रामजींच्या घरशाळेची ही बाजू आपण पुरेशी मांडत नाही. साताऱ्यात दोन मास्तर भेटले. एक आंबेडकर आडनावाचे, जे आपल्या डब्यातली भाजी-भाकरी या मुलाला द्यायचे. दुसरे पेंडसे, ज्यांनी पावसात चिंब भिजून आलेल्या भिवाला आपल्या मुलाबरोबर घरी पाठवून अंघोळीला गरम पाणी आणि नेसायला कोरडं द्यायला लावलं. बाबासाहेबांनी दोघांची आठवण कृतज्ञतेनं काढली. तो त्यांचा मोठेपणा. पण डब्यातली भाकरी शिवाशिव सांभाळूनच हातावर पडायची. दया होती, व्यवस्था तशीच राहिली. मास्तर भला असणं आणि मास्तर सोबती असणं यात फरक आहे.

सोबती मास्तर मुंबईत भेटले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर, विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक, चरित्रकार, लेखक. भिवा शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचा. केळुसकरही तिथं यायचे. रोज एक मुलगा पुस्तकात डोकं घालून बसलेला दिसला, त्यांनी चौकशी केली, जात कळली, आणि ते उठून गेले नाहीत. वाचायला पुस्तकं दिली. रामजींशी ओळख झाली, मैत्री झाली. हा मुलगा त्यांच्या शाळेचा विद्यार्थी नव्हता, हे लक्षात घ्या. ना पगारात धरलेलं काम, ना शिकवणीची फी.

मग अभिनंदनाची सभा. बाबासाहेबांनी स्वतः लिहिलंय की ती इंग्रजी चौथी पास झाल्यावर झाली. चरित्रकार ती 1907 च्या मॅट्रिकच्या वेळची मानतात. मॅट्रिकला मार्क 750 पैकी 282. आजच्या नव्वद टक्क्यांच्या बॅनरसमोर काहीच नाहीत. पण वस्तीच्या दृष्टीनं डोंगर होता. रामजी सभेला तयार नव्हते, पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणाले. केळुसकरांनी त्यांची समजूत काढली, अध्यक्षपद घेतलं आणि स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र मुलाच्या हातात ठेवलं. 1956 च्या दीक्षाभूमीकडं जाणाऱ्या वाटेवर हे पुस्तक आहे, असं बाबासाहेबांच्याच लिहिण्यावरून दिसतं.

इंटरनंतर पैसे संपले. सुभेदारांची पेन्शन किती पुरणार? पुन्हा केळुसकरच. ते भीमरावांना सयाजीराव गायकवाडांकडं घेऊन गेले, महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि बी.ए. झालं. सयाजीराव म्हणजे तो राजा, ज्यानं 1906 साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. म्हणजे बघा: घरात बाप, बागेत मास्तर, आणि वर सार्वजनिक पैसा. यातला एक जरी नसता तर परळच्या त्या खोलीतून एक हुशार कारकून बाहेर पडला असता. 2 फेब्रुवारी 1913 ला रामजी गेले. त्याच वर्षी मुलगा न्यूयॉर्कला पोचला.

बाबासाहेबांनी या अनुभवातून काय काढलं? प्रत्येकानं रामजीसारखा बाप व्हावं, असं सांगून ते थांबले नाहीत. कारण लाखो घरांत बापालाच अक्षर येत नव्हतं. 12 मार्च 1927 रोजी मुंबई कायदेमंडळात ते शिक्षणाच्या खर्चावर बोलले. त्यांचा हिशेब सरळ होता. दारूवरच्या करातून लोकांकडून जेवढं काढता तेवढं तरी लोकांच्या शिक्षणावर खर्च करा, आणि शिक्षण प्रत्येकाच्या आवाक्यात आणा. त्याआधी 1925 साली सोलापुरात बहिष्कृत हितकारिणी सभेचं वसतिगृह निघालं. ज्याच्या घरात दिवा नाही त्याला आधी दिवा असलेलं घर द्यायचं, ही वसतिगृहामागची कल्पना. पुढं 1945 ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, आणि 1950 ला औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय. निजामाच्या राज्यातून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात, शाळा म्हणजे काय ते नीट न पाहिलेल्या खेड्यांतली पोरं पत्र्याची पेटी घेऊन नागसेनवनात आली. त्यांच्यासाठी ते कॉलेज होतं आणि घरही. पडेगावहून नागसेनवन किती लांब? छावणी ओलांडली की आलंच. त्या पोरांपैकी कितीतरी पुढं शिक्षक झाले आणि मराठवाड्याच्या जिल्हा परिषदांच्या शाळांत गेले. आपल्यातल्या बहुतेकांच्या आजोबा-वडिलांना पहिली अक्षरं अशाच कुणा 'गुरुजी'नं शिकवली. रामजींच्या घरात सरकारी शाळा शिरली म्हणून ते घर शाळा झालं. आपल्या घरांचंही तेच झालंय. आज इंग्रजी मीडियम, उद्या होमस्कूल असा विचार करण्याइतकं जे आपण शिकलो, ते त्याच गळक्या पत्र्याखाली.

म्हणून घरी शिकवू नका असं मी म्हणत नाही. खूप शिकवा. पण शाळा सोडून नाही, शाळेला धरून. आणि सरकारी मास्तरांना सोबत घेऊन.

हे भावनेचं नाही, कायद्याचं बोलतोय. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. कलम 24 म्हणतं की शिक्षकानं पालकांच्या नियमित बैठका घ्यायच्या आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती त्यांना सांगायची. ही मेहेरबानी नाही, ड्युटी आहे. कलम 28 नं शिक्षकाला खाजगी शिकवणी घ्यायला बंदी आहे. म्हणजे मास्तरांची सोबत विकत घ्यायची गरज नाही आणि घेताही येत नाही. कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई करतं. आडनावावरून वर्गात टोमणा हा मानसिक छळच आहे, तसा लेखी अर्ज द्या. कलम 27 सांगतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून मास्तरांना शाळेबाहेरच्या कामाला जुंपू नये. आपल्या मोर्च्यात ही मागणी का नसते? मास्तर वर्गात नाही म्हणून आपण त्याला शिव्या देतो, आणि त्याला वर्गातून उचलून नेणाऱ्याला हार घालतो.

मराठवाड्यात या सोबतीचे नमुने आहेतही. ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापांची पोरं गावात आजीजवळ राहतात आणि हंगामी वसतिगृहाच्या योजनेत शाळेतून त्यांच्या जेवणाची सोय होते. शाळा चालू, घर चालू, पोरगं फडात नाही. योजनेतल्या खाबूगिरीवर वेगळं लिहिता येईल, पण कल्पना पक्की आहे. 2020 मध्ये शाळांना कुलूप लागलं तेव्हा मोबाइल नसलेल्या पोरांसाठी वस्तीवर जाऊन, ओट्यावर, झाडाखाली वर्ग भरवणारेही जिल्हा परिषदेचेच मास्तर होते. ज्या खाजगी शाळा तेव्हा फीसाठी मेसेज पाठवत होत्या, त्यांच्या जाहिराती आज पुन्हा चौकाचौकात लागल्यात.

आणि धोका काय आहे तोही बघा. कमी पटाच्या शाळा परवडत नाहीत म्हणून त्या बंद करून समूह शाळा करायची भाषा 2023 पासून सरकार करतंय. पट कमी होतो कसा? आपण पोरं काढतो म्हणून. पट घसरला की शाळा बंद, शाळा बंद झाली की ज्याच्या घरात अजून अक्षर नाही त्याचं पोर घरी. त्याची 'घरशाळा' काय असेल ते वीटभट्टीवर जाऊन बघा.

पडेगाव-मिटमिट्याच्या तरुणांना एक काम सांगतो. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कलम 21 प्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक, त्यांच्यात वंचित घटकांना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, आणि एकूण निम्म्या बायका. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते, अनुदान कुठं गेलं ते हीच बघते. या समितीची शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्ताच्या वहीत कुणाच्या सह्या आहेत, ज्या आईची सही आहे तिला ती कशाखाली घेतली ते माहीत आहे का, एवढं आपापल्या शाळेत जाऊन विचारून या. वही दाखवत नसतील तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते तिथं महिन्यातून एक दिवस शाळेतल्या मास्तरांना, बाईंना बोलवा. हार-तुरे नकोत. वही घेऊन बसवा आणि कोणतं पोर कुठं अडलंय ते पालकांसमोर विचारा. पुढची बैठक शनिवारी ठेवा, वाळूजच्या कंपन्यांत फर्स्ट शिफ्टला जाणाऱ्या बापांना संध्याकाळी येता येईल.